धाकटीचा चेहरा

बाहुलीचे सांधे मला पहिल्यापासून जमत. कोपराची गोटी, तिच्यासाठी दंडात कोरलेली वाटी, आतून ओवलेलं इलॅस्टिक, सगळं व्यवस्थित. पॉलिमर क्ले ओव्हनमध्ये भाजून पॉलिश पेपरनं घासली, की माझ्या बाहुलीचा वर केलेला हात वरच राहायचा, वळवलेली मान वळलेलीच राहायची. रडगाणं होतं ते चेहऱ्याचं. अडीच फुटी बाहुलीसाठी मी पाच चेहरे केले आणि पाचही औरंगपुऱ्यातल्या साड्यांच्या दुकानातल्या पुतळ्यांसारखे निघाले. माझा स्वभावच असा, की एखादी गोष्ट जमली नाही तर मी शिकत नाही, चिडते.

त्या चिडीतच, एका दुपारी सासूबाई गुडघा दाखवायला डॉक्टरकडे गेलेल्या असताना, मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली.

पेटीत आमच्या महालक्ष्म्यांचे मुखवटे असतात. थोरली आणि धाकटी. शाडूचे, तळहाताएवढे, सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेले. भाद्रपदातले तीन दिवस सोडले तर त्यांना धोतराच्या मऊ फडक्यातून बाहेर काढायचं नाही, असा घरचा नियम. तो मोडताना मला काहीही वाटलं नाही. मला धाकटीचा चेहरा हवा होता. तिच्यासमोर बसलं की ती आपलीच विचारपूस करतेय असं वाटायचं. मी तिला टाल्कम पावडर लावली आणि वरून कच्ची क्ले दाबून बसवली. ठसा घ्यायचा, दहा मिनिटांत उचलायचा, पेटी बंद. तेवढ्यात दारात रिक्षा थांबली आणि पायरीवर सासूबाईंची काठी वाजली. मी क्लेसकट धाकटीला माझ्या कपाटात कोंबलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ती तिथंच होती.

कच्ची क्ले रंग खाते हे मला माहीत होतं. माझा एक प्लॅस्टिकचा डबा तिनं आधीच खाल्लेला होता. न कळून झालं असतं तर आज एवढी लाज वाटली नसती. ठसा सोडवला तेव्हा धाकटीच्या उजव्या डोळ्याचं बुबुळ आणि अर्धा ओठ त्याला चिकटून आला.

मी बारीक ब्रशनं ते पुन्हा रंगवलं. बरं जमलंय असंही वाटलं. ठसा भाजून त्यातून बाहुलीचा चेहरा काढला, तो तर फारच देखणा निघाला. फोटो इंटरनेटवर टाकले. बाहुल्या करणाऱ्या कितीतरी जणींनी विचारलं, चेहरा कसा साधला? ‘हळूहळू हात बसला,’ असं मी लिहिलं.

भाद्रपद आला. सासूबाईंच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं, म्हणून त्या नको नको म्हणत असताना मीच पुरणपोळ्या बाहेरून मागवल्या. नैवेद्य दाखवून झाल्यावर त्या खुर्चीत बसून धाकटीकडे बघत राहिल्या. खुर्ची जरा डावीकडे घ्यायला सांगितली, मग उजवीकडे.

“धाकटी माझ्याकडं बघंना गेली,” त्या म्हणाल्या.

“तुम्हाला वाटतंय, आई. चष्म्याचा नंबर वाढला असेल.”

“नाय गं. चाळीस वर्षं बघायलेय मी तिला. विकतच्या पोळ्या ठेवल्या पुढं, खुर्चीवर बसून निवद दाखवला. राग आला तिला.”

तिथंच सांगता आलं असतं. घरात पाहुणे आहेत, अशी मी स्वतःची समजूत घातली. पाहुणे दुसऱ्या दिवशी गेले, मी गप्पच राहिले. सासूबाईंनी शुक्रवार धरले, मधुमेहाच्या गोळ्या चालू असताना. मी त्यांना साबुदाण्याऐवजी भगर खा म्हणून सांगत होते, जणू माझी काळजी तेवढीच होती. डोळा पुन्हा दुरुस्त करायचं मनात आलं, पण त्यांच्या लक्षात येईल या भीतीनं तोही तसाच ठेवला.

पुढच्या वर्षी कुणाचं न ऐकता, डॉक्टरांची मनाई असताना, त्यांनी जमिनीवर बसून एकटीनं पुरण वाटलं. उठताना दोघांनी धरून उभं केलं. नैवेद्य झाला, त्यांनी वर बघितलं. धाकटी त्यांच्या खांद्यापलीकडे बघत होती. बुबुळ मीच केसभर बाहेरच्या बाजूला काढलं होतं. पदरानं तोंड पुसून त्या पंगत वाढा म्हणाल्या.

मुखवटे पेटीत गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या खोलीत आल्या. भाजलेल्या क्लेच्या वासानं त्यांचं डोकं दुखतं, म्हणून एरवी त्या तिकडे फिरकत नाहीत. मी बाहुलीच्या खांद्याचं इलॅस्टिक बदलत होते. वर्षभर लपवलेली ती बाहुली झाकायला मला वेळच मिळाला नाही. सासूबाई काठी टेकत जवळ आल्या, चष्मा सारखा केला आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिल्या. आता कळलं, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, सुटल्यासारखं झालं. आपल्या तोंडानं सांगायची वेळ टळली होती.

त्यांनी बाहुलीला हात जोडले.

“हिचं तोंड आपल्या धाकटीवाणी झालंय गं. पहिली होती तशी,” त्या म्हणाल्या. “बघ, कशी बघायली माझ्याकडं. तुझ्या हातात आली ती. माझ्यावर रुसली, तुझ्यावर नाय रुसली.”

मी मान खाली घातली. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांना तो माझा विनय वाटला असावा, कारण त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.

“तू दिसभर बसती तिच्यापुढं,” त्या म्हणाल्या. “एकदा विचार तिला. म्हणावं, म्हातारीचं काय चुकलं, तेवढं सांग.”

मी म्हणाले, “विचारते.”