आधी कोकरू पिऊ द्या

आमच्या गावात मला कुणी रस्ता विचारत नाही. त्याला कारण आहे.

आमच्या बोरी गावाला कांदा लावायच्या आधी रिकाम्या रानात मेंढ्या बसवतात. दिवाळीनंतर नगरकडचे धनगर कळप घेऊन कोकणाकडं निघाले की त्यांना वाटेत थांबवायचं. मेंढ्या रात्रभर रानात बसतात, लेंड्यांचं झकास खत होतं, आणि बदल्यात आपण धान्य द्यायचं. मागच्या खेपेला आमच्या नेहमीच्या धनगराला मी फोनवर मोठ्या ऐटीत सांगितलं, "ठिबकच्या निळ्या नळ्यांचं भेंडोळं दिसंल, तेच आपलं रान. डोळे झाकून बसवा."

सकाळी चहा ओठाला लागायच्या आत ओरडा ऐकू आला. मेंढ्या शेजाऱ्याच्या रानात बसल्या होत्या. म्हणजे खत त्याला आणि धान्य मी द्यायचं. शिवाय रानात शिरता शिरता त्यांनी त्याची बांधाकडची मेथीही फस्त केली होती. त्यानं एक मेंढी धरून आपल्या अंगणात खांबाला बांधली होती. मेथीचं भरून दिल्याशिवाय सोडणार नाही म्हणाला. मेंढी आदल्या संध्याकाळीच व्यालेली. तिचं कोकरू धनगरणीच्या पदरात ओरडत होतं.

मी गावच्या तंटामुक्ती समितीत आहे, हे इथं सांगायला हवं. त्यामुळं मी घसा खाकरून मधे पडलो. धनगराला म्हणालो, "येवढी सोपी खूण दिली व्हती राव, तुमाला निळा रंग कळंना का?"

"निळ्या नळ्यांपाशीच बसिवल्यात, पाटील."

"मग माझं रान ह्याच्या नावावर झालं का?" शेजारी तापला.

त्याला शांत करावं म्हणून मी म्हणालो, "मेथी तरी कुठं लई चांगली व्हती? पिवळीच पडलेली."

शेजाऱ्यानं काठी उचलली.

"तुमी भांडा निवांत," धनगरीण म्हणाली. "पर पहाटंपासनं ह्याच्या पोटात थेंब न्हाई. दुपारपत्तूर टिकायचं न्हाई हे."

तेवढ्यात माझी बायको आली, हाताला भाकरीचं पीठ तसंच. चूक कुणाची हे तिनं विचारलंच नाही. धनगरणीकडून कोकरू घेतलं, आम्हा पुरुषांच्या मधून सरळ अंगणात गेली आणि ते मेंढीच्या पोटाशी ठेवलं. शेजारी पुढं सरकला.

"भाऊजी, मी मेंढी सोडत न्हाई. बांधलेलीच ऱ्हाऊ द्या. पर हे पिऊस्तवर कुणी बोलायचं न्हाई."

"आन ती काठी ठेवा खाली," दारातून शेजारीण नवऱ्याला म्हणाली. "मेंढी बुजतीय."

काठी खाली गेली. कोकराचे पाय लटपटत होते, तोंड भलतीकडंच जात होतं. शेवटी शेजाऱ्यालाच राहवेना. तो उकिडवा बसला आणि बोटानं त्यानं कोकराचं तोंड आचळाशी लावून दिलं. जरा वेळानं इवलीशी शेपटी थरथरायला लागली. धनगरणीनं पदरानं डोळे पुसले.

त्या शांततेत शेजारणीनं नवऱ्याला हळूच विचारलं, "त्या निळ्या नळ्या आपल्या रानात आल्या कशा?"

शेजारी बसल्या जागेवरून माझ्याकडं बघायला लागला. मी कोकराकडं बघत होतो. आदल्या दिवशी दुपारी मीच ते भेंडोळं खांद्यावरून नेऊन त्याला वापरायला दिलं होतं. फोन केला संध्याकाळी.

"ह्यानंच आणल्यात," शेजारी म्हणाला.

मी समितीच्या वतीनं दोन शब्द बोलणार होतो, पण बायकोनं नुसतं बघितलं. पुढचं तिनं आणि शेजारणीनं, दोघींनीच मिटवलं. मेथी गेली, पण रानाला खत मिळालं, तेव्हा मेथीचं त्यातून वजा करायचं. कालच्या रातीचं उरलेलं धान्य शेजारीण देणार. आज मेंढ्या आमच्या रानात.

"रान कोन दावनार?" धनगरणीनं माझ्याकडं न बघता विचारलं.

"मी येते," बायको म्हणाली.

शेजाऱ्यानं दावं सोडून धनगरणीच्या हातात दिलं. "पोट भरू दे त्याचं, मग न्या," तो पुटपुटला. आमच्या समितीत या दोघींपैकी एकीचंही नाव नाही, हे मला तेव्हा पहिल्यांदाच खटकलं.

निदान आपली खूण तरी उचलावी म्हणून मी त्याच्या रानाकडं वळलो. त्यानं मागून हाक मारली, "बस, चहा घे. अन् नळ्यांना आज हात लावू नको, राव. मेंढ्या तुझ्या रानात बसल्या की मग ने."