मेणाची कवयित्री आणि लाल बटण

लेकीच्या शाळेत चौथीची मुलं एक दिवस मेणाचे पुतळे होतात. कुणा थोरामोठ्याचा वेश करून जिममध्ये गप्प उभं राहायचं. समोर कागदाचं लाल बटण. पाहुण्यानं ते दाबलं की पुतळा आपली गोष्ट सांगतो. आमच्या या चौथीतल्या बाईसाहेबांच्या वाट्याला आली इथं अमेरिकेत अगदी सुरुवातीला आलेल्या गोऱ्यांमधली एक कवयित्री. आणि नेमका त्या दिवशी हिचा घसा पार बसला!

टीचर म्हणाली, "मॉम कॅन डू इट." डू इट काय, कपाळ माझं! पण पंधरा दिवस पोळ्या लाटता लाटता भाषण मीच पाठ करून घेतलेलं, पळणार कुठे? नवऱ्याच्या पंच्याची टोपी बांधून आमच्या नोव्हाय गावातल्या त्या जिममध्ये एका अंतराळवीराच्या आणि दाढीवाल्या राष्ट्राध्यक्षाच्या मधे उभी राहिले.

बटण दाबलं की इंग्रजीत सुरू. "मी आठ मुलांची आई. घरचं आवरून कविता लिहायची. बहिणीच्या नवऱ्यानं मला न विचारताच त्या इंग्लंडला नेऊन छापल्या." मराठी मंडळातल्या एका काकूंनी दोनदा ऐकलं आणि म्हणाल्या, "छान हो! तेवढं तुमचं इडलीचं पीठ या थंडीत फुगतं कसं ते सांगा ना." पुतळा काय सांगणार? नाक खाजत होतं. शेजारी बसलेली लेक डोळे वटारून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आई, डोन्ट ब्लिंक!"

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. माझीही एक वही आहे, साबुदाण्याच्या डब्याखाली, अकरा वर्षं. लग्नानंतर नवऱ्याला एक कविता दाखवली होती. वाचून म्हणाला, "छान आहे. चहा टाकतेस?" त्यानंतर त्याला एक ओळ दाखवली नाही. राग अजून आहे. आणि त्यानं ऐकावं असंही रोज वाटतं, काय करू!

तो ऑफिसातून थेट आला, खांद्याला लॅपटॉपची बॅग. मला बघून फिसकन हसला आणि बटण दाबलं. मी तोंड उघडलं आणि आठ मुलं, इंग्लंड, सगळं राहिलं बाजूला. वहीतली शेवटची कविता अख्खी म्हणून टाकली, मराठीत. राष्ट्राध्यक्ष दाढी धरून बघत राहिले. लेकीनं कपाळाला हात लावला.

संपल्यावर मी परत पुतळा. आता यानं चहाचं काढलं ना, तर ही टोपी तोंडावर फेकते, म्हटलं.

त्यानं बॅग खाली ठेवली. मागे रांग लागली होती. "एक मिनिट हं," तो त्या लोकांना मराठीतच म्हणाला आणि त्यानं पुन्हा बटण दाबलं.