शनिवारचा ओटा

आमच्या बांबू केंद्रात चूक लपवावी लागत नसे, असं सांगणारे काही लोक गडचिरोलीत अजून आहेत. मध्यंतरी एका कार्यक्रमात तरुण मुलांसमोर माझी ओळख करून देताना हेच सांगितलं गेलं आणि टाळ्या पडल्या. मी हात जोडले आणि खाली बसलो. ते खरं होतं, पण थोडाच काळ. पुढचं मी कुठे बोललो नाही. आता वय झालं, अक्षर नीट येत नाही, तरी लिहून टाकतो.

ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मला त्या केंद्राचा व्यवस्थापक करून पाठवलं. गावाबाहेर लाकडाचं एक जुनं गोदाम होतं, वर टिनाचे पत्रे. काम म्हणजे सुपं, टोपल्या, परड्या. मी आलो तेव्हा माणसं मान वर न करता काम करत. काही मोडलं की गुपचूप जळणात टाकत, कारण माझ्या आधीचा व्यवस्थापक मोडतोडीबद्दल मजुरी कापायचा. नवं करायला जावं तर मोडणार, आणि मोडलं तर पोटावर येणार. त्यामुळे वर्षानुवर्षं तेच सूप आणि तीच टोपली.

मी मजुरी कापणं बंद केलं. माझं टेबल केबिनमधून उचलून गोदामात खरादाच्या, म्हणजे लेथच्या, बाजूला मांडलं. मला भाऊ म्हणा, साहेब म्हणू नका, असं सांगितलं. आणि शनिवारची पद्धत सुरू केली. गोदामासमोर सिमेंटचा ओटा होता. आठवड्यात ज्याचं जे मोडलं ते त्याने शनिवारी दुपारी ओट्यावर आणून ठेवायचं. काय करायला गेलो आणि कुठे फसलं, हे आधी त्याने स्वतः सांगायचं, मग बाकीच्यांनी बोलायचं. हसायला मुभा होती, रागवायला नव्हती. ओट्यावरचं बोलणं ओट्यावरच राहील, कोणाच्या विरुद्ध वापरलं जाणार नाही, हा शब्द मी दिला होता.

पहिले काही शनिवार ओटा रिकामाच राहिला. मग मीच माझी वस्तू ठेवली. विजेच्या दिव्यासाठी मी बांबूची टोपी विणली होती, ती एका बाजूने जळून काळी पडली होती. खराद चालवणारे चाचा चंद्रपूरहून आलेले, तोंडात कायम सुपारी. त्यांनी ती उचलून उलटसुलट पाहिली.

“भाऊ, ये लॅम्प है की शेगडी? वांगी भाजाले मस्त हाय.”

सगळे हसले. पुढच्या शनिवारी विणकाम करणाऱ्या एका बाईंनी पदराखालून एक वाकडी पेटी काढून ठेवली. मासे धरण्याच्या सापळ्याचं तोंड आपोआप मिटतं, तसं झाकण पेटीला करून पाहत होते, म्हणाल्या, पण ते मिटते आणि मग उघडतच नाई. पुन्हा हशा. पण चाचा तिथेच बसून राहिले, झाकणाला बोट लावून पाहत. त्या पेटीवर कित्येक शनिवार गेले. शेवटी झाकण उघडलं, मिटलं, आणि ती पेटी नागपूरच्या प्रदर्शनात हातोहात गेली. त्यानंतर ओटा कधी रिकामा राहिला नाही. मी कोणाला कल्पना काढा असं सांगत नव्हतो. माणसं घरून काढूनच यायची.

आमच्यात एक फिटर होता. वरोऱ्याचा, बौद्ध कुटुंबातला. बाप जिनिंगमध्ये हमाल. आयटीआय करून घरातला पहिला पगारदार झालेला. बायको आणि लहान मुलगी वरोऱ्यालाच होत्या. इतका चिकाटीचा माणूस मी पाहिला नाही. वस्तू झाली की तो ती भिजवायचा, उन्हात टाकायचा, तिच्यावर उभा राहायचा. बाई त्याला म्हणायच्या, “फिटरभाऊ, तुमी लेकरू झालं तं त्यालेबी आपटून पाहान.” तो म्हणायचा, “आपटलंच हाय एक. अजून चालून राह्यलं.”

आतल्या गावांतून आजारी माणसाला खाटेवर घालून, नाले ओलांडून आणावं लागे. त्यावरून आमच्या मनात घडीची डोली आली. दुमडली की एका माणसाच्या खांद्यावर राहावी, उघडली की दोघांनी उचलावी. लांब बांबू मधोमध जोडायचा प्रश्न होता. फिटरने लोखंडी नळी बसवली आणि डोली पक्की झाली. पण मला ती पूर्ण बांबूची हवी होती. एक खिळासुद्धा नाही, असं नागपूरच्या वरिष्ठ साहेबांना मी आधीच सांगून बसलो होतो आणि ते खूश झाले होते. फिटरने माझ्या शब्दाखातर जाड बांबूची नळी करून वर वेताने आवळली.

एका शनिवारी त्याने ती नळी ओट्यावर ठेवली. उभी चिरलेली.

“माझ्या हातून फाटली,” तो म्हणाला. “ओली केली, उन्हात ठेवली, पुन्हा ओली केली. आधी चांगली राह्यली, मंग गेली. नाल्यातून नेणार ना लोकं? हे पाठवू नका भाऊ. थांबा. मले लोखंडाची नळी टाकू द्या.”

चाचा म्हणाले, “सही बोलता है.” मी मान डोलावली. सगळ्यांनी ती पाहिली.

पण गावोगावी डोल्या वाटायचा साहेबांचा कार्यक्रम अलीकडे ओढला गेला. मंडप ठरला होता, पाहुणे ठरले होते. मी फिटरला सांगितलं, “पुढच्या खेपेला नळ्या टाकू. आता वेत तेवढा घट्ट कर.” मग प्रत्येक डोलीचा वेत त्याने पुन्हा आवळला. ट्रकमध्ये त्यानेच त्या चढवल्या.

पावसाळा सरता सरता बातमी आली. एका गावाहून अडलेल्या बाईला डोलीतून आणत होते. नाल्याच्या मध्यात नळी चिरली. बाई दगडांवर पडली. ती वाचली, मूल वाचलं नाही. आम्हाला हे एसटीच्या कंडक्टरने सांगितलं, तिकिटाची पेटी खांद्याला तशीच होती. फिटर उठून बाहेर गेला आणि नळावर बराच वेळ हात धूत राहिला.

साहेब आठवड्याच्या आत आले. ते वाईट गृहस्थ नव्हते. पण त्यांना वर उत्तर द्यायचं होतं. गोदामातच खुर्ची मागवून बसले, सगळ्यांना समोर उभं केलं.

“ही फाटते हे कोणाला माहीत होतं?”

फिटर पुढे झाला. “मले माहीत होतं साहेब. मी थांबा म्हटलं होतं. ओट्यावर, सगळ्यांसमोर.”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “खरं आहे?”

मी म्हणालो, “फाटलेली नळी त्याने दाखवली होती. माझ्या हातून फाटली, असं म्हणाला होता. चूक त्याच्या हाताची, नळीची नाही, असं मी धरलं. थांबा म्हटल्याचं मला आठवत नाही.”

मला आठवत होतं. त्याचा आवाजही आठवत होता. मी ओट्यावरचं त्याचं बोलणं घेतलं, त्यातलं मला वाचवणारं तेवढं ठेवलं आणि त्याच्याविरुद्ध वापरलं. बाईंनी तोंड उघडलं होतं. “साहेब, हे तं...” एवढं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. त्यांची मजुरी माझ्या सहीने निघत होती. चाचांनी सुपारी थुंकली आणि खराद सुरू केला. त्या घरघरीत पुढचं काही ऐकू आलं नाही.

माहीत असून दोष लपवून माल पाठवला, या ठपक्यावर फिटरला काढलं. जाताना त्याने आपली कानस, पकड, हातोडी पिशवीत भरली. मी टेबलावर कागद चाळत होतो. तो माझ्यासमोरून गेला. थांबला नाही.

त्या शनिवारी मी दुपारी बाहेर आलो. ओटा भरलेला होता. सुपं, टोपल्या, परड्या, सगळं ओळीने मांडलेलं, एकही काडी सुटलेली नाही.

“या आठवड्यात काही मोडलं नाही?” मी विचारलं.

“नाई, साहेब,” बाई म्हणाल्या.

चाचा म्हणाले, “अब इधर कुछ नहीं टूटता, साहब.”

मी तिथे आणखी काही वर्षं होतो. मी पुन्हा गमतीने माझी मोडकी वस्तू ठेवून पाहिली, कोणी हसलं नाही. नवी पेटी निघाली नाही, नवं झाकण निघालं नाही. नळ्या लोखंडाच्या करा असं मी सांगितलं, तशा त्यांनी केल्या. जे सांगावं ते करत. मी बदलीची वाट पाहू लागलो. माणसांकडून काही नवं हवं असेल तर त्यांना बोलू द्यावं, हे मी पुढे अनेक ठिकाणी शिकवलं. बोललेल्याचं मी काय केलं, ते गाळून शिकवलं.

बदली झाल्यावर एकदा वरोऱ्याला उतरलो. बाजाराच्या मागे फिटरचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. त्याने मला ओळखलं, स्टूल पुढे केलं. हात चाकातच होते.

“बसा. काऊन आले?”

का आलो ते सांगायलाच गेलो होतो. मग म्हणालो, “त्या दिवशी मी खोटं बोललो.”

“ते मले माहीत हाय,” तो म्हणाला. “मले सांगून काय फायदा?” त्याने चाक फिरवून पाहिलं. “पोरगी शाळेत जाते. तिले पोरी म्हणतात, तुह्या बापाच्या डोलीनं लेकरू मेलं. घरी येऊन विचारते. मी सांगतो, तं तिले वाटते बाप आपली बाजू घेऊन राह्यला. तुमी सांगा तिले.”

त्याने हाक मारली. दहा-अकरा वर्षांची मुलगी चहा घेऊन आली. दोन वेण्या, निळी रिबीन. त्याने काम थांबवलं आणि माझ्याकडे पाहत राहिला. ती कपबशी धरून उभी होती.

मी म्हणालो, “तुझे बाबा फार चांगले कारागीर आहेत.”

ती लाजून हसली आणि आत गेली. त्याने खाली पाहिलं आणि स्पोक आवळायला लागला. मी चहा संपवला. पुढे येईन म्हणालो. गेलो नाही.

तो आता नाही, हे मला उशिरा कळलं. ती मुलगी कुठे दिली, काय करते, ठाऊक नाही. ती आता पन्नाशीकडे आली असेल. कधी हे तिच्या हाती पडलं, तर तेव्हा दुकानात सांगायचं होतं ते एवढंच: तुझ्या वडिलांनी डोली पाठवू नका म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, आणि पाठवली ती मी.