तळटाकीतली युलाली

युलाली बतिस्त अंगापिंडाने लहान होती, आणि तेच तिच्या मुळावर आलं. लुइझियानात होती तोवर गोऱ्यांच्या घरची धुणी धुवायची. दुसरी मोठी लढाई पेटली, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठी पापड लाटावेत तशी मालवाहू जहाजं पाण्यात सोडायला लागले, तेव्हा मुलाला घेऊन तीही तिकडे आली. वेल्डिंग शिकली. काळ्या बाईच्या हातात वेल्डिंगची कांडी द्यायची की झाडू, यावर साहेब लोकांनी बराच काळ डोकं खाजवलं, आणि एकदाची कांडी मिळाली. मुलगा क्लोव्हिस वयात येताच अशाच एका जहाजावर खलाशी म्हणून निघून गेला. पुन्हा कुणाची चादर घासायची नाही, एवढं मात्र तिने मनाशी पक्कं केलं होतं.

ह्या जहाजांच्या अगदी तळाला, दोन पत्र्यांच्या मधे, तेलापाण्याच्या टाक्या असतात. आत धड बसताही येत नाही. पोटावर सरपटत एका खणातून दुसऱ्या खणात जायचं. धिप्पाड बाप्ये तिथे शिरेनात, म्हणून मुकादम डूली रोज सकाळी हिलाच पुकारायचा. "चल गं उंदरे, बिळात."

"उंदीर म्हणे," व्हर्नीस पुटपुटायची. "ह्याचं पोट एकदा त्या भोकात अडकू दे, मी ओढायला जाणार नाही."

व्हर्नीस तिची जोडीदारीण, चांगली उंचीपुरी, तोंडाने फटकळ. पत्र्याच्या ह्या अंगाने एकीने काम करायचं, त्या अंगाने दुसरीने. गोंगाट असा की कानाशी ओरडलं तरी कळू नये. दोघी कानांत कापूस कोंबायच्या आणि हातोडीने पत्रा ठोकून बोलायच्या. भराभरा ठोके म्हणजे, थांब, भाजतंय. एकच ठोका म्हणजे, ऐकलं.

टाकीत उतरताना गळ्यातला पितळी बिल्ला टाकीच्या तोंडाशी खिळ्याला अडकवायचा, बाहेर आलं की काढून घ्यायचा. खिळा रिकामा, म्हणजे टाकी रिकामी. शिवाय बायकांनी आपली म्हणून एक रीत पाडली होती. जिचं माणूस दर्यावर, तिने प्रत्येक जहाजाच्या पोटात खडूने त्याचं नाव लिहायचं. का, ते कुणी विचारू नये. आईला विचारतात का असलं काही?

त्या दिवशी काम उरकून युलाली वर आली, बिल्ला गळ्यात घातला, आणि तेव्हा तिला आठवलं की क्लोव्हिसचं नाव राहिलं. घटकाभराचं काम म्हणून ती तशीच, बिल्ला गळ्यात ठेवून, पुन्हा आत सरपटली. पार कोपऱ्यातल्या खणात. खडू टेकवला, अर्धं नाव झालं असेल, आणि मागचा उजेड गेला.

झाकण बसवणाऱ्यांनी खिळा पाहिला, आत हाकही मारली असेल. कापसातून काय ऐकू येणार? ती उलटी फिरून तोंडाशी पोचेपर्यंत नट आवळून झाले होते. तिने मुठी आपटल्या, किंचाळली. वर सगळं जहाजच ठणाणा करत होतं.

मग वारा आला. टाकी गळते का ते बघायला आत हवा दाबून भरतात आणि बाहेरून सांध्यांना साबणाचं पाणी लावतात. हे तिला ठाऊक होतं, आणि ठाऊक असणंच वाईट ठरलं. कान फुटायला आले. छाती पत्र्याला घासत होती, हात डोक्याच्या वर नेता येत नव्हता. माणसाला जिवंतपणी पेटीत घातलं की असंच वाटत असणार, आणि तिला ते वाटलं, पुरतं वाटलं. ती रडली. रडताना आईला हाक मारली, जिला मरून जमाना झाला होता.

पट्ट्यात हातोडी होती. व्हर्नीस पलीकडच्या टाकीत असेल तर मधल्या पत्र्यापाशीच असेल. युलाली तिकडे सरपटली आणि ठोकू लागली. भराभरा, न थांबता. हात बधिर झाला, तेव्हा दुसऱ्या हातात हातोडी घेतली.

पत्र्यापलीकडून एक ठोका आला. मग काहीच नाही.

आतली हवा सोडल्याशिवाय झाकण उघडत नाही, आणि मुकादमाने सांगितल्याशिवाय कुणी हवा सोडत नाही. व्हर्नीस डूलीशी किती भांडली ते नंतर सगळ्या कारखान्याने सांगितलं. युलालीपुढे तेव्हा फक्त अंधार होता, आणि तो एक ठोका आपल्याला भासला की काय ही शंका. अखेर वारा उलटा सुसाटला, झाकण सरकलं. तिला काखेत धरून बाहेर ओढावं लागलं.

"खिळ्यावर बिल्ला नव्हता," डूली म्हणाला. "मी काय ज्योतिषी आहे?" त्याचं बरोबर होतं, म्हणून तर तिला जास्त झोंबलं. टाकी पुन्हा बंद झाली, आणि जहाज क्लोव्हिसचं अर्धंच नाव घेऊन पाण्यात उतरलं.

पुढच्या जहाजाच्या टाकीपाशी डूलीने एका हातात कांडी धरली, दुसऱ्यात झाडू. "बोल बाई. जबरदस्ती नाही."

युलाली भोकाच्या काठाशी गुडघे टेकून बसली. पाय आत जाईनात. झाडू घेतला असता तर आज ना उद्या धुण्याचं टोपलंच डोक्यावर आलं असतं, हे तिला स्वच्छ दिसत होतं. तरी पाय जाईनात.

व्हर्नीस आली, भोकाच्या काठावर फतकल मारून बसली आणि दोन्ही पाय आत सोडले.

"तुझं काम पलीकडे आहे," डूली म्हणाला.

"पलीकडे दुसरं कुणी पाठवा साहेब. झाकण लावायचं झालं तर आधी हे पाय तोडा. जा गं तू, बाजूने शीर."

डूली झाडू खांद्यावर टाकून निघून गेला.

युलाली त्या पायांना घासून आत उतरली. थोडं काम करायची, मान वळवून उजेडाकडे बघायची. व्हर्नीसचे चिखलाने भरलेले बूट लोंबत होते. ती पुन्हा कामाला लागायची.