डबीच्या झाकणाची खिडकी

कवळीवाल्या काकांनी गेलेल्या काकूंना घरातच ठेवलंय, अशी बातमी आमच्या जिन्यावर बरेच दिवस फिरत होती. त्यातली किती माझ्या तोंडून फिरली, ते सोडा. पण आग लागल्याशिवाय मी धूर काढत नाही. काकांच्या बंद दाराआडून आवाज यायचा, "जरा डावीकडे सरक. हां, आता बाहेर बघ." घरात माणूस एक आणि बोलणं दोघांचं, म्हटल्यावर कान टवकारले जाणारच.

शेवटी वाटीभर साखरेचं निमित्त करून मी आत घुसले. बातमी खरी होती, फक्त मापात चुकली होती. काकू होत्या. करंगळीहून लहान, चिमट्यात धरलेल्या.

"ये चोंबडे," काका म्हणाले. "दार लाव, वाऱ्याने रंगावर धूळ बसते."

काकांनी जन्मभर कवळ्या बनवल्या. गल्लीतली निम्मी म्हातारी मंडळी हसतात ती त्यांच्या कृपेने. काम सुटलं, पण हत्यारं हातातून सुटली नाहीत. मेण कोरायच्या सुऱ्या, बारीक कानशी, चिमटे, सगळं टेबलावर मांडून ते आता एक घर बनवत होते. समोरचंच, जिथे त्यांचा संसार झाला आणि जे पाडल्यावर आता नुसतं पत्र्याचं कुंपण उरलंय. खऱ्या घराचे अठ्ठेचाळीस फूट, ते टेबलावर एक फूट.

हा सगळा उद्योग लेकीसाठी. काकू गेल्या तेव्हा ती दूरदेशी अडकली होती, आणि तिला यायला जमेपर्यंत घरही पडलं. फोनवर ती पुन्हापुन्हा एवढंच म्हणायची, "मी निघाले तेव्हा आई खिडकीत उभी होती. तेवढं एकदा बघायचंय, बाबा."

भिंती प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याच्या. गच्चीवरच्या तारा मेलेल्या चार्जरमधून उपसलेल्या. जिन्याची जाळी म्हणजे चहाची जुनी गाळणी. रंगाचे पातळ हात एकावर एक द्यायचे, आणि सगळं छान झालं की मळवायचं. पाण्यासारखा पातळ काळा रंग कोपऱ्यांत सोडायचा आणि फडक्याने टिपायचा. "नवा रंग खोटा दिसतो," ते म्हणायचे. "घर वापरलेलं दिसलं पाहिजे."

मी वाकून आत पाहिलं. नखाएवढ्या खुर्चीमागे भिंतीवर तेलकट डाग होता. बसलेल्या माणसाचं डोकं टेकेल, बरोबर तिथे.

"काका, हे सगळं छपराखाली जाणार. कोणाला दिसणार तो डाग?"

"लेकीला माहीत आहे तो कुठे होता."

मी साखर न घेताच घरी आले.

पुढे रोजच जायला लागले. सगळं जमलं, काकूंचा चेहरा तेवढा जमेना. पुट्टी लावायची, कोरायची, घासून टाकायची, परत लावायची.

"नाक तुमच्यावर गेलंय," मी म्हटलं.

"माझ्यावर गेली असती तर माझं कधी ऐकलं नसतं का?"

अशा घासण्यापायी काकांच्या बोटांवर रेषाच उरलेल्या नाहीत. सरकारी कचेरीतलं अंगठ्याचं यंत्र त्यांना माणसात धरत नाही. मी म्हटलं, काका, खुशाल चोऱ्या करा, ठसा सापडायचा नाही. ते म्हणाले, तुझ्या घरात चोरण्यासारखं आहे काय?

काकूंच्या खिडकीची काच मात्र त्यांनी बाजारातून आणली नाही. काकूंची बटणांची डबी होती, पारदर्शक. त्या गेल्यापासून ती कोणी उघडली नव्हती. तिच्या झाकणातून काच कापली. एरवी प्रत्येक तुकडा साबणाने धुतात, कारण बोटाचं तेल राहिलं तर रंग धरत नाही. हिला रंग द्यायचा नव्हता, म्हणून फुंकर मारली आणि बसवली.

लेक दुसऱ्या दिवशी येणार होती, आणि छप्पर चिकटवायचं राहिलं होतं. त्याला सावकाश वाळणारा गोंद हवा. झटपट गोंदाची वाफ बंद खोलीत कोंडली की काचा पांढऱ्या पडतात, हे मला शिकवलं त्यांनीच. पण छप्पर सारखं सरकत होतं. त्यांनी झटपट गोंद लावला.

सकाळी गेले, तर काका त्या घरासमोर हात मांडीवर ठेवून बसलेले. काकूंची खिडकी धुरकटली होती, आतून कोणी काचेवर श्वास सोडावा तशी. आणि मधोमध, गोल गोल रेषांचा, पांढरा, स्वच्छ, एका बोटाचा ठसा. त्या घराच्या मानाने माणसाएवढा. मागे काकू उभ्या होत्या, पण नुसती सावली.

"तुमचंच बोट असेल," मी म्हटलं.

त्यांनी दोन्ही पंजे माझ्यापुढे धरले. गुळगुळीत. "तुझं?"

मी डबीला हात लावला नव्हता. तसं सांगितलं, एकदाच काय ते मी खरं बोलले.

"वाफ बोटाच्या तेलावर बसते," ते हळू म्हणाले. "झाकणाच्या आतल्या बाजूला होतं. इतकी वर्षं तिथेच होतं."

मी उठले, आणि त्या खिडकीकडे पाठ करायला नको म्हणून उलट्या पावलांनी दारापर्यंत गेले. हसा खुशाल.

दुपारी लेक आली. बॅग दारातच टाकून टेबलापाशी गुडघ्यांवर बसली. गच्ची पाहिली, जिना पाहिला, मग खिडकीला डोळा लावला.

"आई कुठेय?"

"आत."

ती लहानपणापासून बापाच्या टेबलाखाली खेळलेली, तिला सगळ्या युक्त्या ठाऊक. पॉलिशची डबी तिनेच उचलून झाकण काढलं. "छप्पर उचकटून आतून पॉलिश मारलं की निघेल हे. मारा ना, बाबा. मी एवढ्या लांबून आले आणि चेहराच दिसत नाही."

काकांनी डबी तिच्या हातातून घेतली आणि झाकण परत लावलं.

"चेहरा मी केलाय," ते म्हणाले. "बोट तिचं आहे."