मेंढवाड्यातलं कोरं मत

आमचे विबियस मामा परीट होते. रोममध्ये निवडणुकीला उभं राहायचं तर झगा खडूने पांढराशुभ्र करून घ्यावा लागतो, आणि तो मामांच्या हातचा असला तर उन्हात डोळे दिपायचे. दोन्ही बाजूंचे उमेदवार मामांच्याच दारातून उजळून बाहेर पडत. मत मात्र मामांनी जन्मात दिलं नव्हतं.

हक्क नव्हता असं नाही, बरं का. कायद्याने आम्ही सामान्य माणसं आणि ती जुनी घराणी आता सारखी. आमच्यातलाही कुणी कॉन्सल होऊन राज्य चालवू शकतो, हे केव्हाच ठरलेलं. पण मतं घ्यायची ती गटागटाने: आधी घोडेवाले, मग जमीनजुमलेवाले, मग त्यांच्या खालचे. निम्म्याहून जास्त गट एका बाजूला झाले की दोर सोडायचे, चला घरी. आमचा बिनजमिनीचा गट सगळ्यांत शेवटी. नदीकाठच्या मैदानात मेंढवाड्यासारखं दोरांचं कुंपण, त्यात सकाळपासून कोंडलेले. एकदा आत गेलं की निकालापर्यंत बाहेर नाही.

"मेंढरांची निदान लोकर तरी काढतात," शेजारचा ट्रेबियस कुंभार दरवेळी म्हणायचा.

"तुझ्या डोक्यावर आहे काय काढायला?" मामा त्याच्या टकलाकडे बघत.

एका वर्षी मात्र नवल झालं. आमच्यातला वेट्टियस उभा होता आणि वरचे श्रीमंत आपसांत फुटले. पाळी खाली खाली येत आमच्या आधीच्या गटापर्यंत पोचली, तरी पारडं अधांतरीच. मत तोंडीच सांगायचं असतं. मामा ओठातल्या ओठात "वेट्टियस, वेट्टियस" घोकत होते. मी त्यांच्या मागेच उभा.

तेवढ्यात ट्रेबियसला फेफरं आलं.

सभेत कुणी फेफरं येऊन पडला की तो देवांचा कौल. त्या दिवसाचं मतदान मोडायचं. हे कुणाला सांगायला नको. लोकांनी झटकन झगे पसरून त्याला झाकला, आवाज फुटू नये म्हणून तोंडावर कापड दाबलं.

"थोडा वेळ धरा रे. आज आपली पाळी येतेय," गर्दीतला एकजण कुजबुजला.

मामांनी वाकून पाहिलं. ट्रेबियसचे ओठ निळे पडत होते. चहूकडून माणसं चिकटलेली, वारा नाही, वाट नाही.

"मरेल तो," मामा म्हणाले.

"विबियस, गप बस. जन्मभर थांबलास ना याच्यासाठी?"

मामांनी कापड ओढून काढलं आणि कुंपणाकडे तोंड करून हाक दिली, "माणूस पडलाय इथे. दोर सोडा."

त्या वाड्यातून मामांचा आवाज वरपर्यंत पोचला तो तेवढाच. सभा मोडली.

पुढल्या सभेत श्रीमंतांनी आपसांत जमवून घेतलं, वेट्टियस पडला, आणि आमच्या पाळीआधीच दोर सुटले. कितीतरी दिवस गल्लीतलं कुणी मामांकडे कपडे टाकीना. ट्रेबियस तेवढा येऊन हौदाच्या काठावर बसायचा.

"माझ्यापायी तुझं मत गेलं, विबियस."

"गेलं कुठे? अजून कोरंच आहे. घडीसुद्धा मोडली नाही."

मामा थकेपर्यंत दरवर्षी त्या वाड्यात जाऊन उभे राहिले. पाळी काही आली नाही. फक्त ट्रेबियसला ते आता कडेला, दोराजवळ उभं करायचे, आणि त्याच्या बाजूला वारा लागेल एवढी जागा कोपराने मोकळी ठेवायचे.