शशिधर मायदेवांचा सिंह

साउथहॅम्प्टनच्या मराठी मंडळींत डॉक्टर शशिधर मायदेवांइतका भला माणूस शोधून सापडला नसता, आणि त्यांच्याइतका वैताग आणणाराही नाही. पेशाने भूलतज्ज्ञ. ऑपरेशन नीट पार पडलं की पेशंट चॉकलेटचा डबा द्यायचा सर्जनला. मायदेवांचं तोंडसुद्धा त्याला आठवायचं नाही, आणि मायदेवांना त्याचं काही वाटायचं नाही. राउंडअबाउटवर गाडी आली की उजवीकडच्यांना जाऊ द्यायचं हा इथला नियमच आहे. पण हे गृहस्थ डावीकडच्यांना, समोरच्यांना, आणि एकदा तर फुटपाथवर कुत्र्याला घेऊन नुसत्या उभ्या असलेल्या बाईलाही हात करून 'प्लीज, प्लीज' म्हणत बसले. मागे हॉर्न वाजायला लागले. शेजारी बसलेल्या त्यांच्या बायकोने, मधुमतीबाईंनी, कपाळावर हात मारून घेतला.

घरी जेवायला माणसं आली की हे पळी घेऊन उभेच. "आधी तुम्ही घ्या हो! आमचं काय, घरचंच आहे." स्वतः शेवटी स्वयंपाकघरात उभ्या उभ्या गार वरणभात खायचा. अहो, स्वतःच्या लग्नात हा माणूस पंगतीत जिलब्या वाढत हिंडत होता! मुलीकडच्या एका आजोबांनी त्यांना आचाऱ्याचा माणूस समजून मठ्ठा आणायला पिटाळलं, तर हे धावत जाऊन घेऊन आले. आता काय बोलायचं अशा माणसाला?

अशा माणसाला आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट हवी होती: सिंह बघायचा. मोकळा, रानातला. लहानपणी मिरजेला सर्कस आली होती, तेव्हा सिंहाच्या पिंजऱ्यापुढच्या रांगेत यांनी इतक्या जणांना पुढे घातलं की तंबूवाल्याने शेवटी पडदा ओढून घेतला. ते त्यांच्या मनात कायमचं रुतून बसलं होतं. १९८९ सालच्या एका रविवारी पोळ्या होत असताना ते मधुमतीबाईंना म्हणाले, "मधू, मला आफ्रिकेत जाऊन सिंह बघायचाय." बाईंचं लाटणं थांबलं. इतक्या वर्षांच्या संसारात नवऱ्याने 'मला हवंय' असं कधी म्हटलेलंच नव्हतं. त्यांना भरून आलं आणि पोळी करपली.

पण एकटा जाईल तो मायदेव कसला! लगेच मेडनहेडला फोन. श्रीनिवास बापट तिथे जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर; मिरजेच्या कॉलेजपासूनचा दोस्त. तो आणि उल्कावहिनी तयार झाले. शिवाय साउथहॅम्प्टनचेच म्हातारे विष्णूकाका, एकटे असतात, त्यांना कसं सोडून जायचं? झाली पाच माणसं. केंब्रिजला शिकणाऱ्या मुलीने, रश्मीने, फोनवर दम भरला, "बाबा, पहिला तू बघायचं, मग बाकीचे लोक. प्रॉमिस?" बाबांनी प्रॉमिस केलं. विमानात खिडकीची जागा काकांना देऊन ते नैरोबीला उतरले.

सफारीची गाडी म्हणजे छप्पर वर उचलता येणारी पांढरी मिनीबस. छपराखाली उभं राहून बाहेर बघायचं. नीट जागा तिघांनाच. ड्रायव्हर मुटुआ, शांत माणूस. दुर्बीण एकच, ती मायदेवांची. बापट नवी घ्यायला निघाला होता, पण 'तुझी आहे ना, मग आमची कशाला?' या अस्सल मराठी विचाराने त्याने ती दुकानातच ठेवली.

अंबोसेलीच्या अभयारण्यात पहिल्याच सकाळी मुटुआने बोट दाखवलं: सिंहीण! मायदेवांनी दुर्बीण उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि सवयीने काकांपुढे धरली. "काका, आधी तुम्ही."

"छे छे, यजमान तू. तू बघ."

"असं कसं? तुम्ही वडील माणूस."

"मग उल्काला दे, लेडीज फर्स्ट."

"मी नाही हो, भावजींनी अजून पाहिली नाहीये!"

"वहिनी, माझी शपथ आहे!"

असा आग्रह श्रीखंडाच्या वाटीला शोभतो. सिंहिणीला त्याचं काय? सगळ्यांनी पाळीपाळीने पाहिली, आणि दुर्बीण परत मायदेवांच्या हातात आली तेव्हा तिच्यात फक्त गवत होतं. तेही त्यांनी आवडीनं पाहिलं.

त्सावोत तर कहर झाला. झुडपाखाली दोन सिंह. बाकीच्यांचं बघून झालं होतं, आता नंबर यांचाच. तेवढ्यात मागे एक जर्मन लोकांची गाडी येऊन थांबली. मायदेव कळवळून मुटुआला म्हणाले, "जरा गाडी मागे घे, बिचाऱ्यांना दिसत नाहीये." मुटुआने आरशातून त्यांच्याकडे असं पाहिलं की विचारू नका. गाडी मागे गेली, सिंह झुडपाआड गेले आणि जर्मन लोकांनी खूश होऊन हात हलवले.

नाकुरूला सरोवराकाठी एका वानराने उघड्या खिडकीतून हात घालून भडंगाची पिशवी लांबवली. "घेऊ दे गं, भुकेलं असेल," हे म्हणाले. वर उरलेला चिवडाही त्याला द्यायला निघाले, तेव्हा मुटुआने पहिल्यांदा आवाज चढवला. पुढच्या वळणावर सिंह होता. सगळ्यांनी पाहिला. हे मात्र खाली वाकून सांडलेलं भडंग गोळा करत होते.

राहता राहिलं मसाई मारा. तिथल्या शेवटच्या सकाळी मायदेवांचा चेहरा उतरला होता. "नाही दिसला तर नाही दिसला," ते बायकोला म्हणाले, "सगळ्यांनी पाहिला ना, मजा आली ना त्यांना?" पण मधुमतीबाईंना ते ऐकवेना. त्यांना नवऱ्याचा भयंकर राग आला, आणि त्याच्यासाठी रडूही आलं.

ऊन तापलं. उजवीकडे लांब एका झाडाखाली चित्ता दिसला. झालं! बापट, उल्कावहिनी आणि काका तिघेही छपराखाली उजवीकडे उभे, आणि दुर्बिणीचा कार्यक्रम सुरू. "काका, तुम्ही घ्या." "अरे, तू घे." मायदेव आपली जागा सोडून खाली डावीकडच्या सीटवर बसले आणि सगळ्यांसाठी थर्मासमधून चहा ओतायला लागले. बाई कप धरून होत्या.

डावीकडचं गवत हललं. त्यातून भलाथोरला आयाळवाला सिंह बाहेर आला, सावकाश, जेवून उठलेल्या सासऱ्यासारखा. त्या माळावर जवळपास सावली होती ती एका मिनीबसचीच. तो सरळ चालत आला आणि मायदेवांच्या खिडकीखाली, अगदी हात लांब केला तर पाठीला लागेल इतका जवळ, धप्पकन बसला. चहा कपाबाहेर वाहू लागला. मुटुआने मागे वळून पाहिलं, ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच काच वर करायची खूण केली. मधुमतीबाईंनी काच वर सरकवली.

मायदेवांचे डोळे विस्फारले. आणि मग, काय सांगायचं, त्यांनी मान वर केली, तोंड उघडलं आणि "का—" एवढं म्हणाले. काका, आधी तुम्ही! दुसरं काय असणार?

मधुमतीबाईंच्या मांडीवर डबा उघडाच होता. त्यांनी त्यातला बेसनाचा अख्खा लाडू उचलला आणि नवऱ्याच्या उघड्या तोंडात कोंबला. बेसनाचा लाडू तोंडात असताना माणूस श्वास घेऊ शकतो, पण आग्रह करू शकत नाही. वर त्यांनी त्याची मान धरून खिडकीकडे वळवली.

"बघा," त्या दात-ओठ खात कुजबुजल्या, "खबरदार कुणाला हाक माराल तर!"

मग मायदेवांनी पाहिलं. आयाळीत अडकलेले काटे, नाकावरचा जुना ओरखडा, कानाभोवतीच्या माश्या. सिंहाने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं, पिवळ्याधमक डोळ्यांनी, आणि मोठ्ठी जांभई दिली. मायदेवांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि लाडवाचे कण शर्टावर पडत होते.

वर तिघांचं चाललंच होतं. "उल्का, नीट बघितलास का? पुन्हा घे." "अहो काका, किती वेळ मीच?"

बऱ्याच वेळाने बाईंनी पदराने नवऱ्याचं तोंड पुसलं. आता त्यांनाच वरच्यांची दया आली.

"पाहिलात ना पोटभर? बोलवा आता सगळ्यांना."

मायदेवांनी लाडवाचा शेवटचा घास गिळला, पण खिडकीवरची नजर काही हलवली नाही.

"थांब गं जरा," ते म्हणाले, "माझं अजून व्हायचंय."